मालनबाई बोलतात, फोन लिहितो

मालन मेस्त्रींचा जुना, बटणांचा फोन कसा गेला ते लालबागच्या मसाला गल्लीत अजून चवीने सांगतात. मालनबाई तिथल्या एका दुकानात एकतीस वर्षं कामाला. मिरच्यांचे देठ मोडायचे, खडा-काडी निवडायची आणि भाजून आलेल्या मालावर शेवटची नजर टाकायची, हे त्यांचं काम. एप्रिलचे दिवस होते, दुकानापुढे गिऱ्हाइकांची रांग होती आणि दादरच्या कुणी पद्मजाबाई आपल्या पाच किलो मसाल्यावर पोलिसासारखा पहारा देत उभ्या होत्या. मालनबाईंनी गावाहून आलेला फोन ऐकला, मांडीवर ठेवला, मांडीवरून तो भाजलेल्या मिरच्यांच्या घमेल्यात घसरला, आणि घमेलं गेलं डंखावर. डंख म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. त्याच्या लोखंडी मुसळाला दयामाया नसते. पहिल्या ठोक्याला ‘टण्ण’ झालं, दुसऱ्याला ‘कर्र’ झालं, आणि तिसरा पडायच्या आत भट्टीवरच्या रघुने झेप घेऊन बटण बंद केलं.

पद्मजाबाईंनी चष्मा नाकावर सरकवून आत पाहिलं. म्हणाल्या, “आमच्या मसाल्यात दगडफूल असतं हो. सिमकार्ड नसतं.”

शेठनी हात जोडून त्यांना नवा माल भाजून दिला आणि मालनबाईंना एवढंच म्हणाले, “आता घ्याल तो मोठा घ्या. निदान घमेल्यात दिसेल तरी.”

मोठा फोन घेऊन आला स्वप्नील. स्वप्नील म्हणजे मालनबाईंच्या भावाचा, रामूचा मुलगा. रामू गावी, कणकवलीजवळ. पोरगा बारावी झाल्यावर शिकायला म्हणून आत्याकडे आला तो तिचाच झाला. मालनबाईंना मूलबाळ नव्हतं, आणि नवरा, ज्यांना सगळी चाळ मेस्त्रीकाका म्हणायची, ते चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून खोलीत आते आणि भाचा दोघंच. स्वप्नील लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. दिवसभर वरळीच्या टॉवरांतून वर-खाली करायचा आणि घरी आल्यावर जमिनीवर आडवा पडायचा.

“आते, बोट ठेव हयसर,” तो म्हणाला. “म्हणजे तुझ्याशिवाय कोणाक उघडूचा नाय.”

मालनबाईंनी अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला. फोन म्हणाला, बोट पुसून ठेवा. मग पदराला पुसून, मग साबणाने धुऊन, मग खोबरेल लावून दहाच्या दहा बोटं ठेवून झाली. फोनला एकही पटेना. एकतीस वर्षं मिरचीचे देठ मोडून मोडून बाईंच्या बोटांवरच्या रेघाच पुसल्या गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्रही त्यांना दर महिन्याला असंच ताटकळत ठेवायचं.

“मगे तोंड दाखवया,” स्वप्नील म्हणाला.

तोंड फोनने ओळखलं. पण दुकानात बाई नाका-तोंडाला फडकं बांधून बसायच्या, डोक्यालाही बांधायच्या, आणि उरायचे फक्त लाल झालेले डोळे. तेवढ्यावर फोन विश्वास ठेवीना. शेवटी चार आकडे ठरले, लग्नाचं साल. तेही दुसऱ्याच दिवशी सगळ्या गल्लीला पाठ झालं, कारण हात मसाल्याचे असले की बाई भट्टीकडे ओरडून सांगायच्या, “रघु, जरा उघड रे! एकोणीसशे ब्याऐंशी!”

मसाल्याचा त्रास फोनलाही व्हायचा आणि फोनमुळे माणसांनाही. एकदा स्वप्नीलने बाईंचा फोन कानाला लावला आणि अर्धा तास कान धरून मोरीत बसला. त्यानंतर बाईंनी फोन अर्धा किलो मसाल्याच्या पारदर्शक पिशवीत घालून वर रबर लावलं. पिशवीवर दुकानाचं लेबल होतं. त्यामुळे बाई फोनवर बोलू लागल्या की बघणाऱ्याला वाटायचं, त्या मालवणी मसाल्याच्या पुडीला काहीतरी समजावून सांगतायत.

बोलणं एकवेळ जमत होतं, लिहिणं मात्र जमेना. चौथी झालेली बाई. वाचायच्या, पण सावकाश आणि चष्मा लावून. त्यात बोटांची कातडी इतकी निबर की फोनला त्यांचा स्पर्शच कळायचा नाही. त्या दाबायच्या, फोन थंड. जोरात दाबायच्या, फोन भलतंच काहीतरी उघडायचा.

यातून मार्ग काढला शेजारच्या ऋताने. ऋता परळच्या एका शाळेत शिकवायची आणि शिकवायची सवय शाळेबाहेरही सुटत नव्हती. तिने एक खूण दाखवली. “काकू, हा माईक दिसतो ना? हा दाबायचा. मग बोलायचं. तुम्ही बोलाल ते फोन लिहील. बोलून झालं की परत दाबायचा, म्हणजे तो ऐकायचा थांबेल. मग एकदा वाचायचं आणि पाठवायचं.”

दाबायचं आणि बोलायचं, एवढं मालनबाईंना पहिल्या झटक्यात कळलं. पुढचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.

तरी पहिले काही दिवस फोनच त्यांना दाद देत नव्हता. गावाकडची बोली त्याच्या पचनी पडेना. एका सकाळी अंगात कणकण होती म्हणून बाईंनी शेठना निरोप सोडला, “माका आज येवक जमाचा नाय.” शेठना जो मिळाला तो असा होता: मका आज एवढा जमायचा नाही.

शेठ बिचारे तासभर गोणी मोजत बसले. मग त्यांनी फोन केला. “बाई, आपण मका कधी मागवला?”

तेव्हापासून मालनबाई फोनशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायला लागल्या. पाहुण्यांशी बोलतात तसं, जरा मान ताठ करून. फोनही मग माणसात आला. त्या “उद्या तूरडाळ आणायची आहे” म्हणाल्या की खरंच तसं उमटायचं, आणि बाई कौतुकाने रघुला दाखवायच्या. रघु कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा, भट्टीच्या धगीत आयुष्य काढलेला माणूस. तो म्हणायचा, “बाई, तुमच्यापरीस त्येचं अक्षर चांगलं हाय.”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सुंदराबाईंचा फोन आला.

सुंदराबाई मालनबाईंच्या वाडीतल्या, आता वरळीला राहणाऱ्या. नात्यागोत्यातली लग्नं जुळवणं हा त्यांचा जुना नाद, आणि त्यासाठी त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला होता. नाव होतं ‘आपलीच माणसं वधू-वर’. त्यात अडीचशेच्या वर आपलीच माणसं होती.

“मालन, स्वप्नीलचो बायोडेटा खय आसा?” सुंदराबाई म्हणाल्या. “शिवडीचा एक चांगला स्थळ इलाहा. आज संध्याकाळच्या आत टाक. नायतर मगे माका बोल लावू नको.”

मालनबाईंनी वर्षभर स्वप्नीलच्या मागे लागून पाहिलं होतं. तो दर वेळी ‘रविवारी लिहितो’ म्हणायचा आणि रविवारी उजाडताच बॅट घेऊन पसार व्हायचा. बाईंनी ठरवलं, आता आपणच लिहायचं. बोलायचंच तर आहे.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्या बेडगी मिरचीच्या पोत्याला टेकल्या, चष्मा घरी राहिला होता, पण लिहिणारा दुसराच असल्यामुळे त्याची गरज वाटली नाही. माईक दाबला. समोर रघु भट्टीवर होता, त्याला विचारत विचारत, आठवत आठवत त्यांनी सगळं सांगितलं. बाईंच्या मनात एक पक्कं होतं, की एवढा हुशार फोन, कामाचं तेवढं लिहील आणि बाकीचं सोडून देईल. शेठचा जुना मुनीमही तसंच करायचा. शेठ निम्मा वेळ शिव्या द्यायचे, पण पत्र जायचं ते ‘सप्रेम नमस्कार’ करूनच.

ग्रुपवर जे गेलं ते असं:

*मुलाचे नाव स्वप्नील रामचंद्र घाडी वय तेहतीस नाही रे रघु चौतीस लागलं गणपतीत पण तेहतीसच सांगूया उंची पाच फूट सहा बूट घालून हो बूट काढले की पाच पाच शिक्षण डिप्लोमा गणितात दोनदा आपटला तिसऱ्यांदा देव पावला नोकरी लिफ्ट दुरुस्ती कायम आहे रंग गोरा गोरा कसला सावळाच आहे माझ्या भावासारखा पण गोराच म्हणतात सगळे स्वभाव शांत म्हणजे सकाळी चहा पोटात जाईपर्यंत तोंड उघडत नाही रघु ती मिरची करपते बघ व्यसन काही नाही क्रिकेट सोडून रविवारी आग लागली तरी घरी सापडायचा नाही घर लालबागला स्वतःचं एकच खोली टॉवर होणार टॉवर होणार म्हणून बारा वर्षं ऐकते अपेक्षा मुलगी सुस्वरूप आपली कसली अपेक्षा रे पोरगा घोरतो तिला झोप लागली म्हणजे मिळवलं माझ्याशी संध्याकाळी दोन शब्द बोलली तर बरं मी दिवसभर मिरचीत असते पोरगा मनाने लाख आहे माझ्या मालकांचं शेवटचं आजारपण त्यानेच काढलं सहा महिने हातात भांडं धरलं त्यांच्या कुणाला सांगत नाही हे नको लिहायला त्याला आवडायचं नाही अगोबाई शिंक आली झालं बहुतेक सगळं पाठवते हं सुंदराबाई*

खाली स्वप्नीलचा फोटो. तो मात्र बाईंनी नीट निवडला होता, बूट घातलेला.

पाच मिनिटं ग्रुपवर चिडीचूप होतं. मग एकाने हसून लोळणारा पिवळा चेहरा टाकला. मग दुसऱ्याने तीन टाकले. मग असा काही पूर आला की मालनबाईंच्या मांडीवरचा फोन थरथरत खाली घसरला. बाईंना वाटलं, स्थळ पसंत पडलेलं दिसतंय.

स्वप्नील त्या वेळी वरळीच्या एका इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून दोऱ्यांना ग्रीस लावत होता. त्याच्याबरोबरच्या माणसाची बायको त्याच ग्रुपमध्ये. तिने नवऱ्याला पाठवलं, नवऱ्याने विसाव्या मजल्यावर, अंधाऱ्या बोगद्यात, मोठ्याने वाचायला घेतलं. ‘गणितात दोनदा आपटला’पर्यंत स्वप्नीलही हसत होता. त्याला वाटलं, दुसराच कोणी.

“आते!” फोनवर त्याचा आवाज घुमत आला. “काय लिवलंस तू ह्या?”

“कित्या? काय चुकला?”

“सगळा! आधी डिलीट कर! आत्ताच्या आत्ता!”

भाच्याचा असा आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी रघुला हाक मारली. रघुने चष्म्याच्या ऐवजी आपले डोळे दिले, दोघांनी मिळून तो मजकूर शोधला, बोट दाबून धरलं, फोनने दोन पर्याय विचारले. एकात ‘सर्वांसाठी’ होतं आणि एकात ‘माझ्यासाठी’.

“सर्वांसाठी कशाला?” मालनबाई म्हणाल्या. “माझ्यासाठीच कर. मीच टाकलाय ना?”

मजकूर नाहीसा झाला. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि स्वप्नीलला कळवलं, की गेलं, आता काही नाही. तो बाईंच्या फोनवरून गेला होता. बाकी अडीचशे जणांकडे तो सुखरूप होता आणि संध्याकाळपर्यंत शिवडीपासून गिरगावापर्यंत पोचला होता. खोताच्या वाडीतल्या कुणा बाईंनी तो वाचून ‘या मावशींचा मसाला कुठे मिळतो?’ असं विचारलं होतं म्हणे.

सुंदराबाईंनी संध्याकाळी फोन करून मालनबाईंना धारेवर धरलं. “माझ्या ग्रुपची अब्रू घालवलंस गो! शिवडीवाल्यांका मी आता खयच्या तोंडान फोन करू?”

त्याहून वाईट म्हणजे स्वप्नील घरी येऊन काहीच बोलला नाही. जेवला, ताट धुऊन ठेवलं, भिंतीकडे तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी बोलला नाही, हे नेहमीचं. पण चहानंतरही नाही. असे दोन दिवस गेले. मालनबाईंनी फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋता येऊन आपल्या फोनवर फिरत आलेला तो मजकूर बाईंना वाचून दाखवून गेली, कारण आपण नक्की काय लिहिलं हे बाईंना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. वाचताना ती तीनदा पदराआड हसली. मालनबाई मात्र हसल्या नाहीत. स्वप्नील आला तेव्हा त्या उंबऱ्याशीच उभ्या होत्या.

“झिला, माका वाटला तो फोन तेवढा गाळीत,” त्या म्हणाल्या. “गोऱ्याचा, उंचीचा... मी आपली रघुशी बोलत होतंय.”

स्वप्नीलने बूट काढले. लेस नीट आत खोचल्या.

“उंचीचा जांव दे,” तो म्हणाला. “कामावर सगळे ‘बूट घालून’ म्हणून हाक मारतत, ता पण जांव दे. काकांचा कित्या लिवलंस? ता आपल्या घरातला होता.”

“चुकला माझा.”

“लोक फोन करून माका शाबासकी देतत, आते. भांडा धरलंय म्हणून. काका असते तर लाजेन मेले असते.”

मालनबाई उठल्या. त्यांनी चहा टाकला. मेस्त्रीकाकांचा स्वभाव दोघांनाही माहीत होता. माणूस आजारपणातसुद्धा पायजम्याची इस्त्री मोडली म्हणून हळहळायचा. चहा गाळता गाळता बाई म्हणाल्या, “लाजले असते आणि तुकाच म्हटले असते, पंखो लाव, माका घाम इलो.”

स्वप्नीलला हसू आवरलं नाही. काका अगदी तसंच म्हणाले असते. त्या हसण्यावर दोन दिवसांचा अबोला संपला, पण चहा घेता घेता त्याने बजावलं, “आता माझ्या लग्नाचा नाव काढूचा नाय. वर्षभर.”

मालनबाईंनी मान हलवली. चार दिवस ती शपथ पाळलीही. पाचव्या दिवशी दुपारी दुकानासमोर स्कूटर थांबली आणि एक मुलगी उतरली. तिशीची, उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिने अर्धा किलो मालवणी मसाला मागितला, आणि शेठ वजन करत असताना सरळ पोत्यांकडे आली.

“मालन मेस्त्री तुम्हीच ना?”

फडक्याआडून मालनबाईंनी होकार दिला.

“मी श्रेया धुरी. शिवडीची. सुंदराबाई मावशींनी सांगितलेलं स्थळ म्हणजे मीच.”

मालनबाईंच्या हातातली मिरची तशीच राहिली. रघुने भट्टीचा जाळ कमी केला, म्हणजे ऐकू यावं.

“घरी माहीत नाही मी आलेय ते,” श्रेया म्हणाली. “मला दोन-तीन गोष्टी विचारायच्यात. चौतीस की तेहतीस?”

“चौतीस,” मालनबाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं?

“घोरतो म्हणजे किती?”

“पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून नळ बघून आले होते.”

श्रेयाने गंभीरपणे मान हलवली. “मग चालेल. मी गोदीजवळच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आहे. दिवसभर बाहेर ट्रक उभे असतात, इंजिनं चालू. दुपारी जेवण झाल्यावर मी तिथेच टेबलावर दहा मिनिटं झोपते. मला काही ऐकू येत नाही.” मग ती म्हणाली, “आत्तापर्यंत चाळीसेक बायोडेटा वाचले असतील मी. सगळे गोरे, सगळे शांत, सगळे पाच-आठ. प्रत्यक्षात भेटला की पहिली पंधरा मिनिटं तो खोटं सांभाळण्यात घालवतो, मी पण घालवते. आमच्या घरी माझं ‘स्वयंपाकाची आवड’ असं लिहिलंय.”

“आणि नाही?”

“खायची आहे.”

रघु भट्टीमागे खोकल्यासारखं हसला.

“मी रागीट आहे,” श्रेया एका दमात सांगत सुटली. “ड्रायव्हर लोकांशी बोलून बोलून आवाज मोठा झालाय. आई म्हणते, मुलगी बघायला आले की तू हळू बोल. किती वेळ हळू बोलणार? आणि...” तिला पुढचं बोलता येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मालनबाई धडपडत उठल्या. “बाय माझी! रडू नको गो!”

“रडत... नाहीये...” श्रेया शिंकत शिंकत म्हणाली. “मिरची... किती हो ती...”

मालनबाईंनी तिला बाहेरच्या वाऱ्याला नेलं, गुळाचा खडा दिला, पाणी दिलं. शिंका थांबल्यावर दोघी दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि श्रेयाच्या जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिल्या. काय बोलल्या ते रघुला नीट ऐकू आलं नाही, याची त्याला आजही रुखरुख आहे. जाताना श्रेयाने आपला नंबर दिला. मालनबाईंनी माईक दाबून, मान ताठ करून, शुद्ध भाषेत तो फोनला सांगितला, आणि या वेळी माईक परत दाबून बंदही केला.

आता प्रश्न होता स्वप्नीलचा. वर्षभर नाव काढायचं नाही असं कबूल करून बसलेल्या. म्हणून बाईंनी लग्नाचं नाव काढलंच नाही. घरी गेल्या आणि म्हणाल्या, “शिवडीक एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात लिफ्ट बंद पडली हा. बघून येतस काय?”

“खयची कंपनी?”

“ता माका काय म्हायत? नंबर दिलेलो आसा.”

स्वप्नीलने शनिवारी फोन करून पत्ता विचारला आणि हत्यारांची पिशवी घेऊन गेला. ऑफिस तळमजल्यावर होतं. वर फक्त पत्रा होता. श्रेया दारात येऊन म्हणाली, “लिफ्ट नाहीये. मी आहे. बूट काढून या, आत लादी पुसलीये.”

तो दोन तासांनी घरी आला. पिशवी खाली ठेवली, आतेकडे बघितलं, आणि म्हणाला, “तू माका फसवलंस.”

“होय,” मालनबाई म्हणाल्या.

“ती उंच आसा माझ्यापेक्षा. अर्धा इंच.”

“मगे?”

“मगे काय? उद्या रविवार. मॅच नाय माझी उद्या.” आणि तो हातपाय धुवायला मोरीकडे वळला.

मालनबाईंनी त्या रात्रीची भाकरी जरा जास्तच मोठी थापली.

अर्थात, सगळं एवढ्यावर थोडंच भागतं. शिवडीवाल्यांना मुलगी आधीच जाऊन भेटली हे कळल्यावर तिचे वडील तीन आठवडे फुगून बसले. गावाहून रामू आला, त्याला मुलीची नोकरी कळली, पण ती ड्रायव्हर लोकांना दमात घेते हे पटेना. श्रेयाने एकदा त्याला कणकवलीला जाणारा भाजीचा ट्रक मिळवून दिला, पुढच्या सीटवर, तेही आदराने, तेव्हा त्याची बोलती बंद झाली. सुंदराबाईंनी साखरपुड्यात पुढच्या खुर्चीत बसून येईल त्याला सांगितलं, की हे स्थळ आपणच जुळवलं. मालनबाईंनी त्यांना अडवलं नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात परळच्या एका हॉलमध्ये लग्न लागलं. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मागून कुणीतरी ‘बूट घालून!’ असं ओरडलं आणि नवऱ्याने नवरीआधी मान खाली घातली.

लग्नानंतर घरात एक पडदा लागला, एक छोटा पंखा वाढला. श्रेया संध्याकाळी घरी येते तीच फोन कानाला लावून, “अरे भाऊ, पनवेलला थांब म्हटलं ना तुला!” असं ओरडत जिना चढते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनाही गाडी कुठे अडकली ते कळतं. फोन ठेवला की मात्र आतेजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगते. मालनबाईंना त्यातल्या निम्म्या शिव्या नव्या आहेत. त्या अर्थ विचारून घेतात.

आणि दुकानात एक वेगळाच उद्योग सुरू झाला. पहिल्यांदा आली ती परळची एक बाई, मुलाला घेऊन. म्हणाली, “मावशी, याचा बायोडेटा तुमच्या हातचा पाहिजे.”

“मी लिहीत नाही हो. फोन लिहितो.”

“तोच पाहिजे.”

मालनबाईंनी मिरचीचं घमेलं बाजूला सरकवलं, दोघांना पोत्यावर बसवलं आणि एक अट घातली: घरातलं दुखणंखुपणं कुणी बोलायचं नाही, बाकी काहीही चालेल. मग माईक दाबला.

“मुलाचे नाव मनोहर,” आई म्हणाली, “घरी मनू म्हणतात. स्वभाव मनमिळाऊ, कष्टाळू...”

“आई,” मुलगा म्हणाला, “कालच तू मला आळशी म्हणालीस.”

“ते काल. मावशी, तुम्ही कष्टाळू लिहा.”

“सकाळी किती वाजता उठतोस रे?” मालनबाईंनी विचारलं.

“साडेनऊला.”

“काय सांगतोस!” आई त्याच्याकडे वळली. “साडेनऊला तर मी तुला दुसऱ्यांदा हाक मारते!”

“मोठ्याने बोला, बाई,” भट्टीवरून रघु ओरडला. “त्येला नीट ऐकू आलं पायजे!”

आणि मालनबाईंनी फोन त्या दोघांच्या मधोमध, बेडगी मिरचीवर, अलगद ठेवून दिला.